बायपासनंतर घर कसं चालवायचं: नाशिकमधल्या घरांसाठी, आमच्या अनुभवावरून

आमच्या ह्यांचा छोटा हत्ती आहे. पहाटे पंचवटीच्या मार्केट यार्डातून भाजीपाला भरायचा आणि सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा अशी लाईन करायची, त्यावरच घर चालतं. मागच्या पावसाळ्यात जिना चढताना दम लागायला लागला, छातीत जड वाटायचं, आम्ही ॲसिडिटी समजून पंधरा दिवस काढले आणि मग अँजिओग्राफीत तीन ब्लॉकेज निघाले. डॉक्टर म्हणाले बायपास. त्या दिवसापासून साडेतीन महिने टेम्पो बिल्डिंगखाली उभा होता.

ऑपरेशन सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत झालं, त्याला एक रुपया लागला नाही. तरी आम्ही दीड लाखाच्या आसपास खाली आलो. कारण ऑपरेशनचा खर्च सगळ्यांना दिसतो, त्यासाठी योजना आहेत, नातेवाईक धावून येतात, पण घरी आल्यानंतरचे महिने कोणी मोजत नाही आणि खरी ओढाताण तिथेच होते. दुसरं असं की मदतीचे बरेचसे दरवाजे डिस्चार्जच्या आधीच उघडे असतात, नंतर गेलं की "आधी यायला पाहिजे होतं" एवढंच ऐकायला मिळतं. म्हणून ज्या क्रमाने करायला हवं होतं त्या क्रमाने लिहिते.

१. डिपॉझिट भरण्याआधी दोन प्रश्न

काउंटरवर पैसे काढायच्या आधी विचारा: इथे महात्मा फुले जन आरोग्य योजना चालते का? आणि ह्याच ऑपरेशनसाठी चालते का? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण हॉस्पिटल योजनेत असतं पण सगळ्या विभागांसाठी असेलच असं नाही.

आम्ही हे विचारलं नाही. घाबरलेलो होतो, दीर म्हणाले वहिनी आधी ॲडमिट करू मग बघू, आणि पहिल्या हॉस्पिटलात दोन दिवसांत अडतीस हजार गेले. तिथे योजना नाही हे तिसऱ्या दिवशी कळलं. ते पैसे परत मिळत नाहीत, योजना कॅशलेस आहे, आधी भरलेल्या बिलाची भरपाई त्यात होत नाही.

पेशंट अगदीच सिरियस असेल तर जवळ जे असेल तिथे न्या, तिथे विचार करू नका. पण डॉक्टर म्हणाले की चार-आठ दिवसांत करू, तर तेवढा वेळ वापरा. १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० ह्या टोल फ्री नंबरवर फोन करून आपल्या ऑपरेशनसाठी नाशिकमधली कुठली हॉस्पिटलं आहेत ते विचारून घ्या. सरकारी म्हणाल तर त्र्यंबक रोडचं सिव्हिल आणि शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय आहे, मोठ्या आजारांसाठी संदर्भला जाऊन चौकशी करायला काहीच हरकत नाही.

२. कागदांची पिशवी

एक जाड प्लास्टिकची पिशवी घ्या आणि ती एकाच माणसाच्या ताब्यात ठेवा. आमच्याकडे ती माझ्या भाच्याकडे होती, रात्री झोपताना पण उशाखाली.

त्यात हे हवं:
- रेशन कार्ड, मूळ आणि चार-पाच झेरॉक्स
- पेशंटचं आधार कार्ड, आणि सोबत राहणाऱ्याचं पण
- आयुष्मान कार्ड काढलेलं असेल तर ते
- आधीचे सगळे रिपोर्ट, अँजिओग्राफीची सीडी
- बँक पासबुकाची झेरॉक्स
- तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला
- पासपोर्ट साईज फोटो, सहा तरी

उत्पन्नाचा दाखला आजच अर्जाला टाका, सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून. वैद्यकीय कारणासाठी हवाय हे लिहा आणि हॉस्पिटलचं पत्र जोडा. आपल्याला लागणार नाही असं वाटलं तरी काढून ठेवा, कारण पुढे सांगते त्या दोन ठिकाणी त्याच्याशिवाय काहीच हलत नाही.

आता नावाचं. ह्यांचं आधारवर दत्तात्रय आहे आणि रेशन कार्डवर दत्तू. आयुष्यभर कोणाला अडचण नव्हती. हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राने दोन्ही कागद शेजारी ठेवले, बोट ठेवून दाखवलं आणि म्हणाला ताई हे दोन वेगळे माणूस दिसतात. माझ्या पायाखालची जमीन सरकली. शेवटी बाकीचे पुरावे जोडून काम झालं पण एक अख्खा दिवस गेला. म्हणून घरात सगळे धडधाकट असतानाच रेशन कार्ड काढून बघा, सगळ्यांची नावं आहेत का, लग्न होऊन आलेल्या सुनेचं, नातवाचं नाव चढवलंय का, आधारशी जुळतं का.

३. योजनेत काय येतं

बऱ्याच जणांना अजून वाटतं की योजना फक्त पिवळ्या-केशरी कार्डाला आहे. आता पांढरं रेशन कार्डवाले पण बसतात, आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पूर्वी ते दीड लाख होतं. ७० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही.

योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, पहिल्यांदा त्याला गाठा. तो नोंदणी करतो, मग हॉस्पिटल वरती अप्रूव्हलसाठी पाठवतं. आमचं दोन दिवसांनी आलं. ते दोन दिवस फार लांब वाटतात, पण तेव्हा घाईत "कॅशमध्ये करून टाका" म्हणू नका.

ऑपरेशन, औषधं, तपासण्या, पेशंटचं जेवण आणि घरी जायचं एकवेळचं भाडं हे सगळं त्यात आहे, डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतची औषधं पण. ही शेवटची गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती, शेजारच्या बेडवरच्या येवल्याच्या मावशींमुळे कळली. बाहेरून अमुक आणा म्हणून चिठ्ठी दिली तर आधी आरोग्यमित्राला दाखवा. भांडायची गरज नाही, शांतपणे विचारायचं की हे पॅकेजमध्ये नाही का. नाही ऐकलं तर वरच्याच टोल फ्री नंबरवर तक्रार होते.

४. योजनेत बसत नसेल तर

मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधी: कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो, हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं आणि पेशंट ॲडमिट असल्याचा फोटो. पैसे तुमच्या हातात येत नाहीत, थेट हॉस्पिटलच्या खात्यात जातात, आणि अर्ज पेशंट ॲडमिट असतानाच करायचा. कलेक्टर ऑफिसात, म्हणजे सीबीएसजवळ, कक्ष आहे. फोन १८०० १२३ २२११. ह्याला फी नसते. "मी मंजूर करून देतो, दहा टक्के द्या" म्हणणारा कोणी भेटला तर तिथूनच परत फिरा.

धर्मादाय हॉस्पिटल: ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना कायद्याच्या कलम ४१ एए खाली १० टक्के बेड गरिबांना मोफत आणि १० टक्के बेड अर्ध्या बिलात ठेवावे लागतात. मोफतसाठी उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, अर्ध्यासाठी ३ लाख ६० हजारांपर्यंत. टेम्पोवाले, रिक्षावाले, दुकानात कामाला असणारे आपल्यासारखे पुष्कळ लोक ह्यात बसतात पण विचारतच नाहीत, कारण हॉस्पिटल चकचकीत दिसतं. समाजसेवा अधिकारी म्हणजे सोशल वर्कर कुठे बसतात ते विचारा आणि लेखी अर्ज द्या. बेड नाही म्हणाले तर सहधर्मादाय आयुक्तांचं ऑफिस नाशिकमध्येच आहे, तिथे जाता येतं.

अंबड-सातपूरला कंपनीत असाल आणि पगारातून ईएसआय म्हणजे कामगार विम्याचे पैसे कापत असेल: सातपूरचं ईएसआय हॉस्पिटल गाठा. उपचार तर आहेतच पण घरी बसल्या काळाचा पगाराच्या ७० टक्के आजारपणाचा लाभ वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो. त्यासाठी आधीच्या सहा महिन्यांच्या हप्ताकाळात ७८ दिवसांची कपात झालेली असावी लागते, आणि ईएसआयच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. माझ्या चुलत भावाला हे माहीत नव्हतं, त्याने दोन महिने बिनपगारी काढले. पीएफ असेल तर आजारपणाच्या कारणासाठी ॲडव्हान्स काढता येतो, उमंग ॲपवरून होतं, फक्त आधार आणि बँक खातं आधी जोडलेलं पाहिजे.

बांधकाम कामगार म्हणून मंडळात नोंदणी असेल तर गंभीर आजारासाठी १ लाखाची मदत आहे, नोंदणी चालू आहे का ते बघा.

मेडिक्लेमवाल्यांनी रूम घेताना पॉलिसीतली रूमची मर्यादा बघा. मर्यादा पाच हजाराची आणि रूम आठची घेतली तर बऱ्याच पॉलिसीत फक्त रूमचे नाही, बाकीचे चार्जेस पण त्या प्रमाणात कापतात.

एक गैरसमज. बँकेत वर्षाला ४३६ आणि २० रुपये कापतात त्या दोन विम्यांचे पैसे ऑपरेशनला मिळत नाहीत, एक मृत्यूचा आहे आणि एक अपघाताचा. पण टेम्पोच्या किंवा घराच्या कर्जासोबत कधी "लोन प्रोटेक्शन" म्हणून पॉलिसी गळ्यात मारलेली असते, ती शोधून वाचा. त्यात गंभीर आजाराचं कलम असेल तर छाती उघडून केलेली बायपास त्या यादीत असते.

५. वही

शंभर पानी वही, रोजचा खर्च रोज. पेशंटला जेवण मिळतं पण सोबतच्या दोघांना नाही. चहा, वडापाव, रिक्षा, पार्किंग, गावाहून भेटायला आलेल्यांचं चहापाणी, असे आमचे अकरा दिवसांत नऊ हजार गेले आणि वही नसती तर कुठे गेले ते कळलंच नसतं. चौथ्या दिवशी वही बघूनच घरून डबा सुरू केला, समोरच्या काकूंनी संध्याकाळची पोळीभाजी स्वतःहून उचलली. कोणी "काही लागलं तर सांगा" म्हणालं तर लाजू नका, नेमकं सांगा. काकू डबा द्या, भाऊजी रात्री थांबा, मुलीला शाळेतून आणा. लोकांना खरंच करायचं असतं, काय करायचं ते कळत नसतं.

वहीच्या मागच्या पानावर कोणी किती दिले ते लिहा. पाकिटं लोक हातात कोंबून जातात, त्या गडबडीत विसरतं आणि पुढे मनाला लागून राहतं.

६. डिस्चार्जच्या दिवशी

घरी जायची घाई असते, तरी अर्धा तास थांबून हे घ्या: डिस्चार्ज समरी सही-शिक्क्याची, सगळ्या रिपोर्टच्या प्रती, बिल असेल तर खर्चाच्या तपशिलासकट, आणि विश्रांतीचं सर्टिफिकेट ज्यात "इतके आठवडे काम करू नये" असं स्पष्ट लिहिलंय. हे सर्टिफिकेट बँकेत, शाळेत, मालकाकडे, सगळीकडे लागतं. केसपेपरची कॉपी मागणं हा पेशंटचा हक्क आहे, मागितल्यापासून ७२ तासांत ती द्यायला हवी.

७. हप्ता

टेम्पोचा हप्ता ९,४०० आणि तारीख ७. पहिला हप्ता मी काही न बोलता चुकवला, मनात म्हटलं पुढच्या महिन्यात दोन भरू. बाऊन्सचा दंड बँकेने वेगळा कापला आणि फायनान्सवाल्यांनी वेगळा, आणि मग फोन सुरू. ह्यांना टाके असताना फोन वाजला की चेहरा उतरायचा. मी फोन माझ्याकडे घेतला.

तुम्ही असं करा. हप्त्याच्या तारखेच्या आधी ब्रँचला जा, फोनवर नाही. साधा अर्ज: ऑपरेशन कधी झालं, डॉक्टरांनी किती आठवडे सांगितलंय, तोवर फक्त व्याज घ्या किंवा मुदत वाढवून हप्ता कमी करा. डिस्चार्ज समरी आणि विश्रांतीचं सर्टिफिकेट जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. त्यांनी मानलंच पाहिजे असं नाही, पण आधी गेलेल्या माणसाशी बोलायची पद्धत वेगळी असते. आम्हाला दोन महिने अर्धा हप्ता चालवून दिला. लक्षात ठेवा, ९० दिवसांच्या वर थकलं की खातं एनपीएत म्हणजे थकीत कर्जात जातं, म्हणून पूर्ण जमत नसेल तरी बोलणं थांबवू नका. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायची परवानगी नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तसा फोन आला तर तारीख-वेळ वहीत लिहा आणि लेखी तक्रार करा.

८. उसने कोणाकडून

आधी घरातले, मग बचत गट किंवा भिशी, मग सोनं बँकेत ठेवून. मी दोन बांगड्या ठेवल्या, वाईट वाटलं, पण व्याज कळत होतं आणि पावती हातात होती.

मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज देणारं ॲप घेऊ नका. आमच्या लाईनमधल्या एका पोराने घेतलं, त्याच्या सगळ्या कॉन्टॅक्टला मेसेज गेले. महिन्याला दहा टक्क्याचा सावकार तर नकोच. सावकारीला लायसन लागतं आणि २०१४ च्या कायद्याने व्याजाची मर्यादा ठरलेली आहे, बिगरशेतकऱ्याला तारण ठेवून वर्षाला १५ टक्के आणि विनातारण १८. महिन्याला दहा म्हणजे वर्षाला एकशे वीस झाले. कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या स्टॅम्पवर सही, कोणीही मागितली तरी, नाही.

९. औषधं

बायपासनंतर रक्त पातळ करणारी, कोलेस्टेरॉलची, बीपीची अशा गोळ्या महिनोन्‌महिने चालतात, काही कायमच्या. आमचं पहिल्या महिन्याचं मेडिकलचं बिल २,८०० आलं. पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना सरळ विचारलं की साहेब, ह्यातलं जन औषधीतून, म्हणजे सरकारच्या स्वस्त औषधांच्या दुकानातून, काय चालेल, त्यांनी प्रिस्क्रिप्शनवर औषधाची मूळ नावं लिहून दिली आणि पुढचं बिल हजाराच्या आत आलं. स्वतःच्या मनाने बदलू नका, विचारून बदला. आणि पैसे नाहीत म्हणून गोळी एक दिवसाआड कधीच नाही. ह्यांनी आठवडाभर गुपचूप तसं केलं होतं, पाकिटात गोळ्या जास्त उरलेल्या दिसल्या तेव्हा मला कळलं. त्या दिवशी मी फार रडले. आता रविवारी सात दिवसांच्या गोळ्या डबीत मीच भरते आणि खर्चाचं ह्यांच्यासमोर बोलते, पण आकडा लपवून नाही, कारण लपवलं की माणूस त्याहून मोठा आकडा मनात धरतो.

१०. घरखर्च

किराणावाल्याला आधीच सांगा की तीन महिने उधारी वाढेल, दर महिन्याला थोडे तरी देत राहा. प्राधान्य किंवा अंत्योदय कार्ड असेल तर धान्य मोफत आहे, ते दर महिन्याला उचला. शाळेत मुख्याध्यापकांना भेटा, आमच्या मुलीच्या फीचे चार भाग करून दिले. मी ब्लाऊज शिवते, दिवाळीच्या सीझनला रात्री एकपर्यंत मशीन चालवली, आणि टेम्पो उभा ठेवण्यापेक्षा ओळखीच्या ड्रायव्हरला रोजावर द्यायचं आम्हाला उशिरा सुचलं. तुमचं वाहन असेल तर हे पहिल्याच आठवड्यात करा. फक्त विमा, परमिट आणि त्या ड्रायव्हरचं लायसन बघून घ्या.

११. कामावर परत

छातीचं हाड तारेने बांधलेलं असतं, ते जुळायला दोन-तीन महिने जातात. तोवर जड उचलायचं नाही, गाडी चालवायची नाही, खोकला आला तरी छातीला उशी धरून खोकायचं. ह्यांना सहाव्या आठवड्यात बरं वाटायला लागलं आणि चावी शोधायला लागले. चावी मी शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवली होती. पैशाच्या काळजीने माणूस लवकर उठतो आणि परत ॲडमिट होतो, आमच्या वॉर्डातच एक जण तसे आलेले बघितले. काम सुरू करायचं ते सर्जनच्या लेखी फिटनेसवर.

साडेतीन महिन्यांनी ह्यांनी पहिली फेरी मारली ती अर्ध्या लोडची, फक्त पालेभाजी, जुड्या हलक्या असतात म्हणून. भरायला-उतरवायला हमाल लावला, त्याचे फेरीला अडीचशे जातात. ते अडीचशे अजून चालू ठेवलेत, आणि वहीत रोज लिहिते.